जेवणाबरोबर घ्यायची गोळी

१२ एप्रिल १९५५, मंगळवार. डोंबिवली

"तुझ्या घरी पानावर बसेन ती नातवाच्या बारशालाच!" — माझ्या लग्नाच्या मांडवात आई सगळ्यांदेखत म्हणाली होती. सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले. बावीस वर्षं झाली त्याला.

आज आई माझ्याकडे राहायला आली. कल्याणला माझ्या भावाचं, विश्रामचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि संधिवातानं आईच्या गुडघ्यांना आता जिना चढवत नाही. आमच्या दोन खोल्या तळाला आहेत, डॉक्टर चार घरं सोडून. विश्राम म्हणाला, "ताई, थोडे दिवस तुझ्याकडे असू दे." मी इतकी आनंदले की लाज वाटली. तिच्या दुखण्याचा आनंद!

जेवण मात्र माझ्या हातचं नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विश्राम रोज कामावर जाताना आमच्या स्टेशनात गाडी थांबली की दारातून डबा देणार, हे फलाटावर उभे राहून घेणार. पाणी तेवढं चालतं. "विहीर काही तुझ्या नवऱ्याची नाही, सगळ्या वाडीची आहे." मी दूध पुढे केलं, तर — "गवळ्याचं ना? मग तापवलं कुणी?"

हे म्हणाले, "सासूबाई वकील व्हायच्या राहिल्या."

१४ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. आईची बोटं दाबून पाहिली, गुडघे पाहिले. नवीन गोळी निघाली आहे म्हणाले. सूज उतरवते, दुखणं कमी करते. पण जपून घ्यायची.

"जेवणाबरोबरच द्यायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. रिकाम्या पोटी अजिबात नाही. मीठ कमी, लोणचं-पापड बंद. दुखण्यावरची दुसरी कसलीही गोळी सोबत नको. पोटात दुखलं, घसा धरला, पुरळ उठलं, पायांवर सूज आली किंवा शौचाला काळं झालं, तर गोळी थांबवायची आणि मला बोलवायचं. मी विचारायची वाट बघायची नाही."

मग मला विचारलं, "तिन्ही वेळा नीट जेवतात ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? डबा येतो एक. त्यातलं आई दुपारी जेवते आणि उरलेलं संध्याकाळसाठी ठेवते. सकाळी काहीच नाही. पण एवढं सांगायचं तर डबा का येतो हेही सांगावं लागलं असतं. परवाच डॉक्टरांच्या घरून मुलगा झाल्याचे पेढे आले होते. माझा पेढा अजून डब्यात तसाच आहे. त्या माणसासमोर मी काय सांगणार — मला मूल नाही, म्हणून आई माझ्याकडे जेवत नाही?

"हो" म्हणणं सोपं होतं.

१७ एप्रिल, रविवार

आईनं आज माझी वेणी घातली!

स्वतःहून म्हणाली, "बस इकडे, काय हे जटांचं रान!" तिची बोटं हलली. खरंच हलली. फणी दोनदा सुटली, पण तिनंच वाकून उचलली. चव्वेचाळीस वर्षांची मी, परकरातल्या पोरीसारखी तिच्या गुडघ्यापाशी बसले होते. केसांत पांढरं दिसलं असणार तिला. बोलली नाही.

अशी गोळी कुणी काढली असेल? त्याचं भलं होवो.

२४ एप्रिल, रविवार

भांडी घासताना ठमाबाई हसून म्हणाली, "बाय, तुजी आयस मना पोसते. सांजचा डबा रोज माझेच पदरान घालते. मी म्हनलं, आजी, तुमी खावा. त म्हनते कशी, मना भूक नाय."

म्हणजे संध्याकाळचीही गोळी रिकाम्या पोटी.

मी आईला विचारलं. चिडली नाही. "सरू, उकाड्यानं आंबतं गं ते. आंबलेलं खाऊन तुझ्या घरात आजारी पडू?"

"मग माझ्याकडचा वाटीभर भात घे. डॉक्टर म्हणाले आहेत, पोटात काहीतरी हवं."

तिनं पदर सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुझ्याकडे जेवले ना, तर त्याचा अर्थ मी आशा सोडली असा होईल. तुझी सोडली असेल. मी नाही सोडलेली."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती मला शिक्षा करते आहे. ती वाट बघते आहे! अजून! माझ्या वयाचा हिशेब तिला येत नाही असं नाही.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, पाणी आणलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. सगळं माहीत असताना.

२५ एप्रिल

सकाळची गोळी दिली. पाण्याबरोबर.

२९ एप्रिल

आई पोटाशी हात धरून बसते. "उन्हाळा बाधला," म्हणते. चेहरा उतरला आहे. पण चालते! अंगणापर्यंत गेली, तुळशीला पाणी घातलं.

हे म्हणाले, "डॉक्टरला खरं सांगून टाक. एवढं काय त्यात?"

"तुम्हाला काही नाही त्यात."

फार लागेल असं बोलले. हे डबा आणायला निघून गेले.

संध्याकाळी डॉक्टर रस्त्यावरून जात होते. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "काय म्हणताहेत आजी?" तोंडावर आलं होतं — पोटात दुखतं म्हणतात. पण गोळी बंद केली तर? मग बोटं पुन्हा वाकतील, ती पुन्हा जागेवर बसून राहील, आणि माझ्याकडे राहून काय उपयोग म्हणून विश्राम तिला घेऊन जाईल. मी म्हटलं, "माझी वेणी घालतात आता!"

"वा!" म्हणाले आणि गेले.

रोज सकाळी मी तिच्या पायथ्याशी बसते. त्या वेणीसाठी मी गप्प बसले. दुसरं कुठलं कारण लिहिलं तर ते खोटं होईल.

३ मे, मंगळवार

आई न्हाणीत पडली. शुद्ध होती, पण अंग गार, ओठ पांढरे. मी तिचं लुगडं सोडवलं, तर ते डांबरासारखं काळं झालेलं. "कधीपासून?" म्हणून ओरडले. "चार दिवस झाले असतील. तू घाबरशील म्हणून…"

डॉक्टर धावत आले. नाडी बघितली आणि म्हणाले, "ठाण्याला. आत्ता."

मोटारीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मानपाड्याच्या बाजूनं येणारी बैलगाडी आडवी आली, तेवढ्यानं ड्रायव्हर थांबला. मला वाटलं, ही वाट आता संपणारच नाही.

४ मे

रक्त चढवलं. पोटात जखम होऊन रक्त जात होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, गोळी रिकाम्या पोटी घेत होतात का?"

आईनं डोळे उघडले. आवाज नव्हताच तिला. तरी म्हणाली, "छे! माझी लेक मला पोटभर जेवायला घालते."

मला झाकायला ती असं खोटं बोलली. नळी लावलेल्या हातानं चादर नीट करत बोलली!

बाहेर विश्रामची बायको सुमती माझ्या गळ्यात पडून रडली. "वन्सं, तुम्ही केवढं केलंत आईंचं! सख्ख्या मुलानं केलं नसतं." विश्राम तिच्या मागेच उभा होता. मी त्या दोघांकडे बघू शकले नाही.

६ मे

आमचे डॉक्टर ठाण्याला आले होते. व्हरांड्यात गाठून त्यांना सगळं सांगितलं. डब्याचं, सकाळचं, ठमाबाईचं, पोटात दुखत होतं तेही. का लपवलं तेही. त्या एका वाक्याला जीभ जड झाली. पण झालं सांगून.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, पहिल्या दिवशी कळतं तर डबा खातात त्या दुपारच्या वेळेला एकच गोळी ठेवली असती. नाहीतर दिलीच नसती. जेवूनसुद्धा काहींच्या पोटाला ती सोसत नाही, तेव्हा सगळंच तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण पोटात दुखलं त्या दिवशी तुम्ही मला थांबवायला हवं होतं. मी कुंपणाशी उभा होतो."

मग म्हणाले, "आता ही गोळी पुन्हा नाही. अर्धी नाही, जेवून नाही, कधीच नाही. पुढच्या खेपेला इथवर पोचायला वेळ मिळणार नाही." उरलेल्या गोळ्या त्यांनी मागून घेतल्या.

घरी आल्यावर ठमाबाईनं विचारलं, "म्हातारी हाय ना गं बाय?" आहे म्हटलं. तर भांडी तशीच टाकून तिथंच बसली आणि रडायला लागली. "मी तिचा घास खाल्ला." मी तिला सांगितलं, तू नाही गं.

२१ मे

आईला इस्पितळातून थेट कल्याणला नेलं. विश्राम आणि शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून दोन जिने वर चढवलं. "पालखीच निघाली माझी," आई म्हणाली. खाली येणं आता नाही.

वर गेल्यावर विश्रामलाही सगळं सांगितलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "सुमतीला नको सांगूस." तो ओरडला असता त्याहून हे वाईट.

१२ जून, रविवार

कल्याणला गेले होते. सूज पुन्हा आहे तशी. निर्गुडीचा शेक, तेल, सगळं चालू आहे. आईची बोटं मुठीत वळून बसली आहेत. सुमती घास भरवते. सुमतीनं पाठ फिरवली की आई कण्हते. पूर्वी असं माझ्यासमोर कधी कण्हली नव्हती.

मी केस विंचरून गेले होते. तिनं बघितले आणि मान फिरवली.

१९ जून, रविवार

सुमती खाली पाण्याला गेली होती, तेवढ्यात आई म्हणाली, "सरू, मी येते तुझ्याकडे. जेवते. तू वाढशील ते. तिन्ही वेळा. बारशाचं राहू दे आता. पण तू त्या डॉक्टरला सांग, तुझं ऐकतील ते. मला तेवढी गोळी दे."

मी तशीच जिना उतरून आले.

गोळी मिळणार नाही. ते मी सांगणारच आहे. पण उद्या मी पुन्हा कल्याणला जाणार आहे, आणि ती तोंड फिरवेल हे ठाऊक असूनही एवढं विचारणार आहे — आई, गोळीशिवाय माझ्याकडे जेवायला येशील?