सोवळ्याबाहेरची कॅप्सूल

कोराडी रोड, नागपूर
सोमवार, पितृपक्ष

तीर्थरूप यमुताईस,

धाकट्या कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (डॉक्टरनं मनाई केली तरी तू गडावरच्या पायऱ्या चढून राहिली आहेस, हे मला कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नको, उगाच शेजारच्या मिनलशी भांडशील.) आम्ही इकडे ठीक. फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तुझा स्पीकर अर्धं रामटेक ऐकतं. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, कुकरखालचा गॅस बंद कर आणि शेवटपर्यंत वाच. मी चिडलेलो आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

विषय सुरुचीच्या गोळीचा. आपल्या सुनेला (सून माझी, पण तू आपली म्हणतेस म्हणून आपली) काय झालं आहे ते मी तुला गेल्या वर्षी सांगितलं होतं, पण तेव्हा तू पुरण घोटत होतीस आणि नुसती हं हं करत होतीस. म्हणून पुन्हा सांगतो. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तुला माहीतच आहे, मी जन्मभर कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला बसलो, त्यामुळे मला ते केबलच्या भाषेत समजलं. मेंदूपासून निघणाऱ्या नसांवर एक आवरण असतं, केबलवर असतं तसं. अंगातली प्रतिकारशक्ती म्हणजे आपले सिक्युरिटी गार्ड. सुरुचीचे गार्ड चोर सोडून आपल्याच केबलचं आवरण कुरतडतात. कुरतडलं की झटका येतो, मग ते थोडंफार भरून येतं, माणूस बरा वाटतो, आणि कधीतरी पुन्हा झटका. पहिल्या वेळी तिला उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, दुसऱ्या वेळी पाय ओढत चालली. आता ती चांगली दिसते म्हणजे आजार गेला असं नाही. गोळीचं नाव फिंगोलिमोड. ती रोज एक घ्यायची, आणि ती त्या गार्डांना त्यांच्या चौकीतच अडकवून ठेवते. पुढचा झटका टाळायचा, इतकंच तिचं काम. हे एवढं नीट ध्यानात ठेव, कारण तुझा काढा पुढे येणार आहे.

ही गोळी दुकानातून आणली आणि पाण्याबरोबर घेतली, इतकी साधी नाही. ती सुरू करण्याआधी डॉ. मधुवंतींनी सुरुचीचं रक्त, लिव्हर, डोळे, हृदयाचा आलेख, सगळं तपासलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का, असंही विचारलं. तिची आई म्हणाली आल्या होत्या, मामा म्हणाला त्या कांजिण्या नव्हत्या, घामोळं होतं, आणि दोघांचं असं वाजलं की दिवाळीपर्यंत बोलणं बंद. शेवटी रक्तानं निकाल दिला. मामा बरोबर निघाला. मग आधी कांजिण्यांची लस, मग महिनाभर थांबणं, मग गोळी. मध्ये एकदा डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि अनिश-सुरुची दोघा नवरा-बायकोला मूल-बाळाच्या विचाराबद्दल काही सांगितलं. (गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, एवढं मला दाराबाहेरही ऐकू आलं.)

पहिली गोळी दवाखान्यात बसून घ्यावी लागते, कारण त्या दिवशी नाडी मंदावू शकते. सहा तास बसवतात, तासातासाला नाडी आणि ब्लडप्रेशर बघतात. अनिशची खापरखेड्याला ड्युटी, म्हणून सोबत मी गेलो. समोर मॉनिटर. मी निवृत्त झालो असलो तरी आकडा खाली जाताना बघत गप्प बसणं माझ्या हाडात नाही. सुरुवातीला ऐंशीच्या आसपास असलेली नाडी हळूहळू साठाखाली आली आणि मी उठून उभा राहिलो. रोशनी सिस्टर म्हणाली, काका, हे असं होतंच, म्हणूनच तर बसवलं आहे. मी बसलो. आकडा आणखी उतरला तसा मी पुन्हा उठलो आणि, सवयीनं, मोठ्यानं रीडिंग द्यायला लागलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना वाटलं आकडे त्यांचेच, आणि त्यांचं ब्लडप्रेशर चढलं. त्यानंतर मी बाहेर होतो. (मी स्वतःहून बाहेर आलो, असं अनिशला सांगितलं आहे.) दाराला एक काच होती, तिच्यातून मला मॉनिटर दिसत होता, म्हणून मी सुरुचीला मोबाईलवर आकडे पाठवत राहिलो. संध्याकाळी आलेख ठीक निघाला, ती घरी आली, आणि हिवाळ्यापासून भादव्यापर्यंत तिनं एक दिवस चुकवला नाही. मी रोज विचारत होतो ना.

आणि मग ती महालक्ष्म्यांना तुझ्याकडे आली.

आता मी जे लिहितो ते सुरुचीनं मला रडत-हसत सांगितलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणू नको. सोळा भाज्या चिरायला तू तिला बसवलंस, इथवर ठीक. दुपारी तिनं गोळी काढली, आणि तुझ्या त्या मिनलनं मोबाईलवर वाचून सांगितलं की कॅप्सूलचं टरफल बहुतेक जनावराच्या हाडा-कातड्याचं असते. झालं. महालक्ष्म्या बसलेल्या, घरात सोवळं, आणि हाडाचं टरफल स्वयंपाकघरात! तू म्हणे टरफल उघडून आतली भुकटी मधात कालवायला निघाली होतीस. ते तिनं करू दिलं नाही, देवीची कृपा. (कॅप्सूल उघडायची नसते, आख्खी गिळायची असते.) मग तू ती पट्टी अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवलीस, विसर्जन होईपर्यंत. टरफलाची अडचण होती तर डॉक्टरांना एक फोन करायचा, त्यांनी काही मार्ग काढला असता. पण तुझ्या घरात डॉक्टरचा नंबर भिंतीवर नाही, गुरुजींचा आहे.

महालक्ष्म्या गेल्या. पट्टी तुळशीपाशीच. सुरुचीला बरं वाटत होतं, तू म्हणालीस राहू दे, हवापालट आहे, तिचं काम कॉम्प्युटरवरचं, ते रामटेकलाही होते. तोवर पितृपक्ष लागला. तिला आठवण झाली, ती उठून तुळशीकडे निघाली, तर तू म्हणालीस, "पितरांच्या पंधरवड्यात नवीन काही सुरू करत नाही वं पोरी, आता घटस्थापनेलेच घे." ताई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. तू स्वतःच बंद केलेली गोळी तुझ्याच हिशेबात नवीन झाली! आणि त्यावर कडी म्हणजे गुळवेलीचा काढा, सकाळ-संध्याकाळ, प्रतिकारशक्ती वाढायला. वर सांगितलेलं आठव. आम्ही एवढ्या खटपटी करून ज्या गार्डांना चौकीत बसवलं, त्यांना तू चहापाणी करून परत कामावर धाडत होतीस. शिवाय अशा काढ्यांनी लिव्हर बिघडलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत, आणि या गोळीत लिव्हर आधीच सांभाळावं लागतं. घरचं आहे, झाडाचं आहे, म्हणून काही बाधत नाही, असं नसते ताई.

गेल्या आठवड्यात ती घरी आली. बॅग उघडली तर गोळ्यांच्या पट्टीवर हळदकुंकवाची बोटं. (तू तिची पूजाही केलीस!) सुरुचीनं माझा चेहरा पाहिला आणि चहाबरोबर एक गोळी तोंडात टाकायला निघाली. मी तिचा हात धरला. आयुष्यात सुनेचा हात मी पहिल्यांदा धरला. बॉयलर बंद पडून थंड झाला की बटण दाबून तो चालू करत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, नजर ठेवून चालू करतात, एवढं मला कळते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, आम्ही दोघं गेलो. त्या म्हणाल्या बरं झालं थांबवलंत. इतका खंड पडल्यावर पहिल्या दिवसासारखंच, दवाखान्यात बसून, आलेख काढून सुरू करावं लागतं, कारण नाडी पुन्हा तशीच उतरू शकते. आणि दुसरं सांगितलं ते असं. ही गोळी एकाएकी सोडली तर काही जणांचा आजार आधीपेक्षा जोरात उसळतो. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, गोळी कधी थांबवायची ते मी ठरवते. देवीला काही बदल हवा असेल तर तिलाही मलाच फोन करायला सांगा." (माझ्याकडे काहून वळल्या, कळलं नाही. मी कुठे पूजा केली?)

तेव्हापासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. परवा सुरुचीच्या हातून कप निसटला तर आम्ही दोघं बाप-लेक एकदम उठलो. ती म्हणाली कप ओला होता. असेलही. पण मी घाबरलो, ताई. त्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं तेव्हा ती माझ्या समोर बसून डावा डोळा झाकायची आणि विचारायची, बाबा, तुम्हाला चेहरा आहे ना? मी हो म्हणायचो. ते मला पुन्हा करायचं नाही.

तर गुरुवारी सकाळी पुन्हा पहिली गोळी आहे. पितृपक्षातच. तुझं काही म्हणणं असलं तर ते पितरांना सांग. आपले बाबा त्यांच्यातच आहेत, त्यांनी जन्मात एक डोस चुकवला नव्हता. यापुढे तुझ्याकडे सुरुची आली तर गोळी सोवळ्यात, ओवळ्यात, सुतकात, उपासात, रोज. ताप आला, डोळ्यापुढे धूसर आलं, तर काढा नाही, फोन. कोणी लस घ्यायला सांगितली तरी आधी फोन. नंबर या पत्राच्या मागे लिहिला आहे, तो भिंतीवर लाव, गुरुजींच्या वर.

राग मानू नको, असं लिहायची रीत आहे, पण थोडा मान.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. तू दिलेली काढ्याची बाटली मी अंगणातल्या कढीपत्त्याला घातली. कढीपत्ता बरा आहे.

ता. क. दुसरा. दवाखान्यात सोबत एकालाच बसू देतात. मी माझा डबा, चष्मा, पेन, सगळं तयार ठेवलं होतं. रोशनी सिस्टरचा फोन आला, की मागच्या वेळचे काका सोडून कोणीही चालेल. अनिशनं रजा टाकतो म्हटलं, तर सुरुची त्याला नको म्हणाली. मला वाटलं सिस्टरचं काही ऐकू नका म्हणेल. ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. आत्याबाई येतील का? त्यांच्याकडे मी पेशंट नसते."

ता. क. तिसरा. तर बुधवारच्या संध्याकाळच्या बसनं ये. मी स्टॅंडवर उभा राहीन. काढा आणू नको. येताना बरबटीच्या शेंगा आण, भरपूर, न निवडलेल्या. तुम्हा दोघींना सहा तास आहेत.