माझ्या आवाजाची पेटी

४ सप्टेंबर २०१७, लोहारा

मथुरा, सूनबाई, तुले सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. मले एसटीत बसवलंस अन् माझं लुगड्याचं गाठोडं बगलेत धरून स्टँडवर हात हलवत राह्यलीस. म्हणून आता रोजचं लिहूनच ठेवते. लिहिणारी खालची रशीदा. मले कुठं अक्षर येते? मी बोलते, ती लिहिते, अन् तुझ्याबद्दलचं जरा ठळक लिहिते.

तुझ्या लेकाची खोली झकास आहे. खाली रशीदाच्या नवऱ्याचं, शब्बीरचं, मोटारी दुरुस्तीचं दुकान. वर संघदीप, त्याचं टेबल अन् मी. खिडकीतून कारखान्यांची शेडं दिसतात. मले इथं करमणार.

६ सप्टेंबर

संघदीप एक बोलकी पेटी बनवून राह्यला. कपाशीवर फवारणी करणारे लोक आजारी पडून राह्यले, अन् औषधाच्या बाटलीवरचं त्याईले वाचता येत नाही. पेटी बोलून सांगणार: तोंड बांधा, वाऱ्याकडं पाठ करा. आतला बोर्ड यानं स्वतः जोडला, पण पेटी चालूच होत नाही. बटण दाबलं की कॉम्प्युटरवर अक्षरांच्या ओळी पळतात, दरवेळी एकाच ओळीवर थांबतात, अन् आपोआप पुन्हा पहिल्यापासून. यानं मेमरी कार्ड बदललं. शब्बीरनं मीटर लावून व्होल्टेज पाह्यलं. सगळं बरोबर.

तो त्या पेटीकडं जसा टक लावून पाहतो, तसं तुझ्याकडंही कधी पाह्यलं नाही त्यानं. मी विचारलं, हिच्याशी मंगल परिणयाची पत्रिका कधी छापायची? हसलासुद्धा नाही.

९ सप्टेंबर

पेटीत कोण्या शहरी पोरीचा आवाज होता. संघदीप म्हणे, म्हाताऱ्या बाईचं लोक ऐकतात, तूच बोल. आली ना माझी आठवण! दुपारभर बोलले. तो आवाज कार्डात टाकला, अन् पेटी त्या ओळीवरून सरळ पुढं गेली. चालू झाली.

त्यानं पेटीले छातीशी धरलं. मी बाजूलेच उभी होती.

संध्याकाळपासून घसा बसला आहे.

१२ सप्टेंबर

आज पेटीनं विचारलं, संघदीपा, जेवला का? हे मी तिच्यात कधीच बोलले नव्हते. त्याची पाठ माझ्याकडं होती. तो म्हणे, हो आजी.

मी उंबऱ्यात होती. तोंड मिटलेलं. मी विचारते तेव्हा हूं म्हणतो नुसता.

१५ सप्टेंबर

दोष शोधायचा तर एकेक गोष्ट काढून पाहायची, ही त्याची रीत. माझ्या घशाचं सांगितलं म्हणून आज माझा आवाज काढला. पेटी पुन्हा त्याच ओळीवर अडली — अन् माझा घसा मोकळा. रशीदानंही ऐकलं. मी म्हटलं, पुसून टाक.

उद्या वणीले पेटी दाखवायची आहे. गावोगावचे लोक येणार. तो माझ्या पायाशी बसला. "आजी, उद्यापुरतं. तुझ्याबिगर ती उठतच नाही."

तुझ्याबिगर उठत नाही. गोड लागलं, मथुरा. तिले नाही, मले म्हणाला. टाक म्हटलं.

१६ सप्टेंबर

लोकांनी ऐकलं. बाया रडल्या. सगळं तिचंच कौतुक. माझा आवाज — रशीदा कान माझ्या ओठाले लावून लिहिते —

परत आल्यावर मी पेटीची तार उपटली. दिवा विझला.

ती बोलतच —

१७ सप्टेंबर

मथुरा, आता बरं आहे. आवाज खणखणीत झाला. रशीदा टेबलाजवळ बसली आहे. कोपऱ्याकडं पाहते, पण सांगितलं तसं लिहिते. संघदीप दिवसभर माझ्याशीच बोलतो. मलेच आजी म्हणतो.

कोपऱ्यातली म्हातारी सारखी मान हलवते. तोंड उघडते, मिटते. रशीदाच्या हातातला पेन ओढून घेतला तिनं — अन् नुसता धरून बसली. अक्षर येत नाही, काय करणार?

एसटीवाल्याजवळ ज्वारीच्या कण्या पाठव, मऊ शिजवून. मले जेवण लागत नाही. हिच्यापुरत्याच पाठव, अन् थोड्याच, हिले आता फार दिवस —