जिन्यातल्या चपलांचं मत

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे तोंडभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझा उजवा ठीक आहे, डावा रुसलेला असतो, पण त्याला विचारतंय कोण. मेहुण्यांचा खोकला थांबला असेल तर बरं, नसेल तर त्यांना सांग की विडी सोडली की तोही सोडेल. अक्षर लागत नसेल तर चष्मा पूस. तिसरीत माझी शाळा सुटली तेव्हापासून अक्षराने माझ्याशी धड बोलणं टाकलंय. मी फार आनंदात आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटायचं नाही.

आनंद नातीचा. (तू मागच्या पत्रात पुन्हा 'नातू' लिहिलंस. मी पेन घेऊन तेवढी जागा दुरुस्त केली आणि मगच पत्र ट्रंकेत ठेवलं.) जन्मली तेव्हा सुईण म्हणाली मुलगा. सुईण जेवढं दिसलं तेवढ्यावर बोलली, पोरीला विचारायची सोय नव्हती. पण वयात आल्यापासून हे पोर घरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायचं, आणि मी टॉवेल काढला की तासाभराने पुन्हा टाकलेला. घरात कुणी गेल्यासारखं वाटायचं बघ. आता सज्ञान झाली, नोकरीला लागली, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरिणीची औषधं चालू झाली, आणि आता आरशापुढून हलत नाही, मला वेणी घालायला आरसा मिळत नाही. न्हाणीत गाते. गळा वाईट आहे, खोटं कशाला बोलू. पण घरातलं गेलेलं माणूस परत आल्यावर कुणी सूर बघतं का?

डॉक्टरीण सावकाश काम करणारी. रक्त तपासलं, पोरीशी एकटीशी बोलली, मग तिच्या आईबापांना परगावाहून बोलावून समोर बसवलं, मग पुन्हा रक्त. मला तिची एक गोष्ट आवडली. विचारलेलं ठाऊक नसेल तर ती सरळ 'हे मला माहीत नाही' म्हणते. आमच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही.

बिल्डिंगची रीत तुला माहीत नाही. इथे सगळं चपलांवर ठरतं. प्रत्येक घराने डावी चप्पल जिन्यात ठेवायची. भिंतीच्या बाजूला ठेवली तर हो, कठड्याच्या बाजूला नाही. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही. पाण्याच्या टाकीला रंग कोणता, इथपर्यंत ठीक होतं. मग लिफ्टवाला म्हणाला दोर झिजलाय. चपला पडल्या, दोर झिजलेला नाही असं ठरलं. लिफ्ट तेव्हापासून दोन मजल्यांच्या मधे अडकून आहे. दुपारी कधीमधी तिचं दार उघडल्याचा आवाज येतो. आत कुणी नव्हतं, असंही चपलांनीच ठरवलंय.

तर झालं असं, की दवाखान्याच्या विश्वस्तांकडे कुणी तक्रारी नेल्या, आणि त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरिणीचा हा विभाग चालू ठेवायचा की नाही यावर आसपासच्या बिल्डिंगींनी मत कळवावं. नातीची शस्त्रक्रिया ठरलेली. विभाग बंद पडला की तीही गेली आणि औषधंही मधेच तुटणार. डॉक्टरीण म्हणाली, मधेच तोडणं तिच्या तब्येतीला बरं नाही.

मग माणसं यायला लागली. पहिले वरचे निवृत्त मास्तर. चौकटीला हात टेकवून म्हणाले, "आजी, आम्हाला तिचं वाईट व्हावं असं थोडंच वाटतं, पण घाई नको." भले गृहस्थ, मी पाणी दिलं. मग शिंपी आला. चौकटीला हात टेकवून तेच म्हणाला. मग पार्लरवाली. 'थोडंच'नंतर मास्तर जेवढं थांबले तेवढीच तीही थांबली. पुढे पुढे मी दार उघडायच्या आधीच पलीकडून ते वाक्य सुरू झालेलं असायचं, आणि उघडलं की कोण ते नुसतं बघायचं राहायचं. चौकटीवर हात टेकायची जागा काळी पडली, घासून जात नाही. नात आत पलंगावर बसलेली असायची. तिला एकानेही काही विचारलं नाही. (तुझ्या पत्रातही ते 'घाई नको'चं वाक्य आलं, तेव्हा मी पत्र जरा लांब धरलं.)

बिल्डिंगच्या सेक्रेटरीने डॉक्टरिणीला बोलावलं. ती आली, जिन्यात उभी राहून सगळ्यांची उत्तरं दिली. एकाने विचारलं, अजून तीस वर्षांनी काय होईल? ती म्हणाली, "आतापर्यंत जे दिसलंय ते सांगते. तीस वर्षांचं पक्कं मला माहीत नाही, आणि हे मी तिलाही सांगितलंय." सगळा जिना खूश झाला. बघा, हिलाच माहीत नाही. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, तुमचीही एक चप्पल धरू." ती म्हणाली, मी बूट घालते, आणि वर येऊन माझा रक्तदाब बघून गेली.

मतांच्या दिवशी दुपारी मी दारात सुईत दोरा ओवत बसले होते. भिंतीच्या बाजूला दोनच चपला, माझी आणि वरच्या मास्तरांकडची, मास्तरीणबाईंनी ठेवलेली. ऊन कलायला लागलं तशी बाईंची चप्पल कठड्याकडे गेली. कुणी उचलली नाही. मी बघत होते, ती गेली. बाई घरात झोपल्या होत्या, घोरणं ऐकू येत होतं. मी खाली वाकून बघितलं तर कठड्याच्या कडेने चपलाच चपला, बिल्डिंगीत घरं नाहीत एवढ्या. रिकाम्या फ्लॅटसमोरही एक. तिच्यात बोटं घालून बघितली (रीत मोडली, मोडली), तर आत ऊब, आत्ताच पाय काढल्यासारखी. आणि त्याच्या खालच्या पायरीवर ह्यांची.

ह्यांना जाऊन केवढी वर्षं झाली, चप्पल मी माझ्या हाताने भंगारात दिलेली. पण अंगठ्यापाशी ह्यांनीच ठोकलेला वाकडा खिळा मी ओळखणार नाही? मी म्हटलं, "अहो, तुम्ही इकडे कुठे, आपल्या नातीचा प्रश्न आहे." हयात असतानाही चार चपला जिकडे तिकडेच ह्यांची. छातीत कळ आली तेव्हा सगळ्या जिन्याने गॅस म्हटलं, ह्यांनीही गॅसच म्हटलं, आणि गेले.

तेवढ्यात नात कामावरून आली. ती एकेक पायरी चढेल तशी चपलांची टोकं तिच्याकडे वळत होती. मला घाम फुटला. ती वर आली आणि म्हणाली, "आजी, माझ्यापायी इतकी माणसं अनवाणी हिंडतायत का गं?" आणि आपली सँडल काढून भिंतीकडे ठेवली. सेक्रेटरी खालून म्हणाला, नियम आहे, ज्याचा प्रश्न त्याची चप्पल धरत नाहीत. तिने सँडल उचलली, पुसली आणि पायात घातली. मी हसले. हसणं ह्या वयात आवरत नाही.

बिल्डिंगीचं 'नाही' गेलं. बाकीच्या बिल्डिंगींचंही तेच गेलं म्हणतात, त्याच शब्दांत. विभाग महिनाअखेर बंद. डॉक्टरिणीने तुमच्या गावच्या सर्जनबाईंशी बोलून नातीचे सगळे कागद तिकडे दिले. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात तिथेच होईल.

बाकी सगळं क्षेम. मेहुण्यांना नमस्कार, मुलांना पापा, तुला काय ते तू घे.

तुझी ताई

ता. क. शस्त्रक्रियेनंतर तिला काही दिवस उठवायला-बसवायला माणूस लागेल. माझ्याने होणार नाही. तू जन्मभर वॉर्डात नर्स होतीस, रोगी पटतो की नाही हे बघून त्याची कूस बदललेली मला आठवत नाही. तुझं मत तुझ्यापाशी राहू दे, मला तुझे हात हवेत.

दुसरं ता. क. विचार करून कळवते, असं लिहायला तुला वेळ ठेवलेला नाही. मुद्दाम ठेवला नाही. मी खाली रिक्षात सामानापाशी बसले आहे.

तिसरं ता. क. हे पत्र तुझ्या हातात देऊन जी मुलगी मघापासून दारात उभी आहे, ती तीच. तू ओळखलं नसणार. तिला आत घे.