माशी कुठे शिंकली

रविवार, नऊ ऑगस्ट. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. हे लिहायला बसण्याआधी मी खिडकीच्या चौकटीला जाळीचा पडदा चिकटवत होतो. डावा वरचा कोपरा तिसऱ्यांदा सुटला. आता तिथे खुर्ची उभी टेकवून ठेवली आहे आणि पाटावर वही घेऊन खाली बसलो आहे.

ताई,

वाकून नमस्कार. हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून कागदावर. पानांचे फोटो काढून पाठवेन. तुझा फोन टेबलावर उघडा पडलेला असतो आणि तुझ्या सासूबाईंना आता नवा चष्मा आला आहे, तेव्हा एकटी असताना वाच.

आईचा गुडघा कसा आहे? मिरचीचा हलणारा दात पडला का? तिला सांग, मामाने विचारलंय, आणि दात फेकून देऊ नकोस म्हणावं, मला बघायचा आहे.

दाजी बरे आहेत. वजन थोडं कमी झालं आहे, पण ते सगळ्यांचंच होतं इथे. आत्ता ते आणि ड्रायव्हरकाका कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या मशीनच्या दुकानात गेले आहेत. पाचपर्यंत येतील. एका खोलीत तीन माणसं, त्यामुळे असा एकांत मला आठवड्यातून एकदाच मिळतो.

आता माश्यांबद्दल. तू हसशील, पण इथल्या उन्हाळ्यात दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच. आमची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगणात सगळ्या इमारतीचे कचऱ्याचे डबे, आणि गाडी येते मंगळवारी आणि शुक्रवारी. सोमवार म्हणजे विचारू नकोस. खिडकी उघडली तर माश्या, बंद केली तर भट्टी. इथल्या माश्या घाबरतही नाहीत. हात हलवला की आपल्याकडची माशी उडते तरी. ही नुसती सरकून बसते, जसं काही मीच तिच्या जागेत आलो आहे. चहाच्या पेल्याच्या काठावर, ब्रशच्या केसांवर, झोपलेल्या माणसाच्या कानात. इथे उजाडतं पहाटे पाचच्या आत, आणि उजाडलं की त्या कामाला लागतात, आपल्याआधी.

मी सगळं करून पाहिलं. प्रत्येक डब्याला घट्ट झाकण. ओटा दिवसातून चार वेळा साबणाने. ड्रायव्हरकाका म्हणाले, पारदर्शक पिशवीत पाणी भरून दारात टांग, माश्या येत नाहीत. टांगली. दुसऱ्या दिवशी पिशवीवर सात बसल्या होत्या. काका म्हणाले, "अरे, त्यांना पाणपोई काढून दिलीस तू." छताला पिवळी चिकट पट्टी लावली, ती दाजींच्या केसांना चिकटली. त्यांनी कात्रीने केस कापले आणि पट्टी गुंडाळून टाकून दिली. पूर्वी असतं तर म्हणाले असते, "मास्तर, पहिली शिकार मोठी गावली."

(माझ्या अक्षरामुळे ते मला मास्तर म्हणतात. म्हणायचे.)

आणि लिहिताना आणखी एक त्रास. माश्या लिहायचं की माशा? नववीत शाळा सुटली तेव्हा हा धडा राहिलाच असेल. 'य' सोडला तर वाचणाऱ्याला वाटेल मासळीबद्दल बोलतोय. मी सगळीकडे 'य' दिला आहे. चुकलं असेल तर लाल खूण कर.

गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "तुम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलत का नाही? सगळं ठरलं होतं, बॅगासुद्धा काढल्या मी. मग माशी कुठे शिंकली?" दाजी म्हणाले, कागदपत्रं लांबली, आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेले. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. ते खोटं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, अगदी दिवस आणि वेळेसकट. तेच लिहायला बसलो आहे आणि दीड पान पिशव्या आणि पट्ट्यांवर घालवलं.

आमच्या कामाबद्दल तुला थोडं माहीत आहे. मोठ्या स्वयंपाकघरात जेवणाचे डबे भरायचे, ते ऑफिसांना जातात. पाळीत अकरा माणसं. दाजी पाळीचे प्रमुख, मला तिथे लावलं त्यांनीच. तिथे तीन ठिकाणी चिकट पट्ट्या असतात: माल उतरवायच्या दाराशी, धुण्याच्या हौदाजवळ आणि डबे भरायच्या टेबलापाशी. रोज संध्याकाळी सहाला पट्टीवरच्या माश्या मोजायच्या, आकडा तक्त्यात लिहायचा, जुनी पट्टी गुंडाळून बाहेरच्या पेटीत टाकायची आणि नवी लावायची. एका पट्टीवर चाळीसच्या वर गेल्या तर काम तिथल्या तिथे थांबवून मॅनेजरबाईंना बोलवायचं, असा नियम आहे.

मोजायचं काम दाजींनी मला दिलं. "तू चुकणार नाहीस," म्हणाले. मी एकेक पट्टी दोनदा मोजायचो, खालून वर आणि वरून खाली, आणि माझ्या वहीत लिहायचो. दाजी वही बघून तक्ता भरायचे आणि सही करायचे. ड्रायव्हरकाका रोज रात्री खोलीवर विचारायचे, "काय मास्तर, आज हजेरी किती? लोक इथे येऊन नोटा मोजतात, आमचा गडी माश्या मोजतो." मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मला बरं वाटायचं, खरं सांगतो. एवढं साधं काम, पण ते माझ्याशिवाय होत नव्हतं.

मंगळवारी, एकवीस जुलैला, दाजी चारलाच निघाले. तुझ्या आणि मिरचीच्या कागदांसाठी त्यांना परवान्याच्या ऑफिसात जायचं होतं. तक्त्यावर सही आधीच करून ठेवली आणि मला म्हणाले, "आकडे तेवढे भर. सुवाच्य." मी मोजले. दाराशी चौदा, हौदाजवळ अकरा, टेबलापाशी चार. तक्ता भरला. पट्ट्या टाकल्या. सात वाजता घरी.

बुधवारी सकाळी तपासणीवाला आला. तो तक्ता घेऊन मॅनेजरबाईंच्या खोलीत गेला, आणि बाहेर आला तो स्वयंपाकघर बंद करायलाच. आठ दिवस बंद. कोणाला त्या दिवसांचा पगार नाही. दाजींना विचारलं, पट्टीवर अठ्ठ्याण्णव माश्या असताना तुम्ही सही करून घरी कसे गेलात?

संध्याकाळी दाजींनी मला विचारलं, "मंगळवारी किती होत्या रे?"

"चौदा. अकरा. चार."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? वहीत आहे."

त्यांनी वही पाहिली. मग दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरबाईंकडे जाऊन भांडून आले. बाई म्हणाल्या, तक्त्यात अठ्ठ्याण्णव लिहिलं आहे, नव्व्याण्णव लिहिलं आहे, खाली तुमची सही आहे. मूळ तक्ता तपासणीवाला घेऊन गेलेला, पट्ट्या मीच टाकलेल्या. दाजी घरी आले आणि माझ्यासमोर बसले. "मास्तर, घाबरला असशील तर सांग. मी नव्हतो, काम थांबवायची तुझी छाती झाली नाही, आणि वहीत नंतर कमी लिहिलंस. असं झालं असेल तर चालेल मला. फक्त खरं सांग."

मी भडकलो. मी म्हणालो, माझं मोजणं कधी चुकत नाही. त्या तक्त्यात कोणी तरी बोट घातलं आहे. आणि पुढे म्हणालो, "तुम्ही कोऱ्या कागदावर सही करून बायकोच्या कामाला पळालात, आणि दोष मला?"

ताई, हे वाक्य मी बोललो. काका तिथेच कांदा चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. दाजी उठले आणि पाणी प्यायले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. आठ दिवस आम्ही दोघं या खोलीत समोरासमोर बसून शब्दशः माश्या मारत होतो. काकांनीसुद्धा त्यावर विनोद केला नाही.

तीस जुलैला काम सुरू झालं. दाजींचं प्रमुखपद गेलं. आता ते हौदावर भांडी घासतात. पगार कमी झाला, आणि बायको-मुलीला आणायला जेवढा पगार दाखवावा लागतो त्याच्या खाली गेला. कंपनीचं पत्र एकतीस ऑगस्टच्या आत लागतं, नाहीतर मिरचीची शाळेतली जागा जाते. त्यांनी तुला हे सांगितलेलं नाही, कारण त्यांना वाटतं, मी खोटं बोललो हे तुला कळलं तर तुला त्रास होईल. माझी लाज ते झाकत आहेत.

आता खरं.

गेल्या बुधवारी, पाच तारखेला, कपडे बदलायच्या खोलीत फळ्यावर तपासणीचा अहवाल लावला. शेवटच्या पानावर आमच्या तक्त्याचा फोटो. मी जवळ जाऊन पाहिलं. कोणी बोट घातलं नव्हतं. अक्षर माझंच होतं, सुंदर, ओळीत, शेपूट लांब, तू शिकवलं होतंस तसं.

१४
११
४

माझी वही आपल्या अंकांत आहे. दाजी वहीवरून तक्त्यात उतरवताना इथले अंक लिहायचे, सवयीने, न सांगता. मी त्या तक्त्याला कधी पेन लावलं नव्हतं. त्या दिवशी मी शाळेत फळ्यावरून उतरवून घ्यायचो तसं, दिसलं ते जसंच्या तसं उतरवलं. आपला एक इथल्या माणसाला नऊ दिसतो. आपला चार त्याला आठ दिसतो. चौदाचे झाले अठ्ठ्याण्णव. अकराचे नव्व्याण्णव. चारचे आठ. दहा वर्षांची मिरचीसुद्धा हे एका नजरेत ओळखेल, पण त्या स्वयंपाकघरात हे ओळखणारी माणसं दोनच, आणि दुसऱ्याने तो कागद पाहिलेला नाही.

का पाहिलेला नाही, तेही लिहितो. दाजी आता सगळ्यांच्या आधी येतात आणि त्या भिंतीकडे बघत नाहीत. आणि मी ते शेवटचं पान टाचणी काढून घडी घालून खिशात घातलं. कोणी पाहिलं नाही. पुढची पानं अजून तिथे आहेत, पण त्यांत आकडे छापलेले आहेत, हाताचे नाहीत. हाताचे फक्त माझ्याकडे, या वहीत, गेले चार दिवस.

मी का घेतलं? मला वाटलं, आधी नीट विचार करू. मग वाटलं, सप्टेंबर संपेपर्यंत माझी नोकरी कच्ची आहे, मॅनेजरबाई मला एका दिवसात काढू शकतात, आणि नोकरी गेली की इथे राहायचा परवानाही जातो. मग वाटलं, दाजींना नंतर पुन्हा बढती मिळेलच. मग गुरुवारी तुझा फोन आला आणि तू माशी कुठे शिंकली म्हणालीस, आणि मी त्या पानावर हात ठेवून बसलो होतो. माझा संताप सगळा त्या दिवसापर्यंत माश्यांवर होता, कंपनीवर होता, दाजींवर होता. तो आता कुठे ठेवायचा ते कळत नाही. पंधरा दिवस मी ज्या गोष्टीवर ठाम होतो ती खरीच होती. माश्या चौदाच होत्या. मी बरोबर होतो आणि सगळा घोळ माझाच होता.

तर मी ठरवलं आहे. पाच वाजता दाजी आले की ते पान आणि वही त्यांच्यासमोर ठेवतो. उद्या सोमवारी सकाळी साडेसहाला, पाळी सुरू व्हायच्या आधी, दोघं मॅनेजरबाईंकडे जाऊ. ते म्हणतील तू येऊ नकोस, मी एकटा जातो, तुझं नाव घेत नाही. तू ओळखतेसच. म्हणून हे आधी तुला पाठवतो आहे. एकदा तू वाचलंस की त्यांना मला लपवता येणार नाही आणि मलाही मागे फिरता येणार नाही. पान मी फळ्यावरून काढलं, हेही मी स्वतः सांगणार. ते नाही सांगितलं तर बाकीचं अर्धंच राहील.

बाईंनी मला काढलं तर महिन्याभरात मी घरी असेन आणि तू इथे. आईच्या गुडघ्याला तेल लावायला कोणी तरी हवंच आहे. तू येताना जाळी आण, आपल्याकडची दाट विणीची, पावणेदोन मीटर रुंद. इथली फार विरळ आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टर भुसभुशीत आहे, तिथे चिकटपट्टी धरत नाही, खिळा ठोकावा लागेल. सोमवारी खिडकी उघडू नकोस. आणि मिरचीला इथले अंक वेगळ्या वहीत लिहायला शिकव. दोन्ही एकाच वहीत नकोत.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, दाजींना फोन कर. ते उचलतील.

फाटकाची कडी वाजली. फोटो काढतो.

तुझा धाकटा

खर्च (इथल्या चलनात):
जाळीचा पडदा, अठरा.
चिकट पट्ट्या, सात.
झाकणाचे डबे, चार नग, बारा.
माश्या मारायचं प्लॅस्टिकचं पातं, दोन.
एकूण एकोणचाळीस.

देणं:
ड्रायव्हरकाकांचे पडद्याचे, अठरा.
दाजींच्या पगारातला फरक, रोजचे बावीस, कामाचे नऊ दिवस, एकशे अठ्ठ्याण्णव. उद्यापासून पुढे वाढू नये.
अकरा माणसांचा बंद काळातला पगार, रविवार सोडून सात दिवसांचा. रक्कम काढली आहे. लिहायला हात होत नाही.