टीनाच्या मॅचकडे पाठ

३ जून, मंगळवार
टीना राव्हनहोल्ट टेनिस सोडतेय. वय चौतीस, देश डेन्मार्क, एकेकाळी जगात अडतिसावी, आता दोनशेच्याही पलीकडे. इन्स्टावर तिनेच लिहिलंय: आर्नहेमची स्पर्धा शेवटची, तिथे हरले की रॅकेट खाली. म्हणजे जिंकत राहिली तर फायनलपर्यंत करिअर चालू. आर्नहेम आमच्या उइटहॉर्नपासून गाडीने तासाभरावर. बातमी वाचून घास उतरेना. सुनेत्रा म्हणाली, तीन पोळ्या खाल्ल्यास की. त्या बातमीच्या आधीच्या.

४ जून
हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तिचं करिअर मी सांभाळलंय.
सहा वर्षांपूर्वी या देशात नवा आलो. टीव्हीवर सगळं डच, कळायचा तो फक्त टेनिसचा स्कोअर. टीना ५-१ पुढे होती. मी बघायला बसलो, ५-५. कचरा टाकायला खाली गेलो, परत येईपर्यंत सेट तिचा. पुन्हा बसलो, मॅच हरली. तेव्हापासून तिची एकही मॅच शेवटपर्यंत बघितलेली नाही. तिच्या अडतिसाव्या नंबरात निदान दहा नंबर माझे आहेत. तिला पत्ता नाही. निष्काम कर्म म्हणतात ते हेच.

८ जून
सुनेत्राने सेमीफायनलची तीन तिकिटं काढली. सरप्राइज म्हणे. सहा वर्षं घरात टीना-टीना ऐकतेय, ती तिथवर पोचलीच तर एकदा डोळे भरून बघ आणि मोकळा हो. मृण्मयीलाही यायचंय, अकराची झाली, क्लबवर टेनिस शिकते.
माझी अडचण तांत्रिक आहे. मी बघितलं की ती हरणार. सुनेत्राला नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, मग मीपण तुझ्याकडे बघणं बंद करते, बघू प्रमोशन मिळतं का.

१७ जून, मंगळवार
पहिली फेरी. नियम: व्हिडिओ नाही, लाइव्ह स्कोअर नाही, स्कोअर माहीत असलेल्या माणसाशी बोलणं नाही. दिवसभर इमानदारीत काम केलं. मॅनेजरने काळजीने तब्येत विचारली.
जिंकली.

१९ जून
दुसरी फेरी. मीटिंगमध्ये चुकून स्कोअर दिसला. टॅब चुकून उघडा राहिला होता आणि चुकून चारदा रिफ्रेश झाला. दुसरा सेट तिथल्या तिथे गेला. प्रायश्चित्त म्हणून फोन डेस्कवर ठेवून टॉयलेटमध्ये जाऊन बसलो. फोनशिवाय टॉयलेट, लग्नानंतर प्रथमच. तिसरा सेट ६-२, टीना. आणखी काय पुरावा हवा?

२० जून
क्वार्टरफायनलही जिंकली! मी डेंटिस्टकडे होतो. मुद्दाम वेळ घेतली होती. दाताला काहीही झालेलं नव्हतं.
उद्यासाठी निर्धार: जायचं, बसायचं, पण कोर्टाकडे पाठ करून. फक्त मॅच पॉइंटला वळेन. नाही, तेव्हाही नाही.
खरं सांगायचं तर एकदा जिंकताना बघायचं होतं तिला.

२१ जून, शनिवार, दुपार
स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. कोर्ट पाठीमागे, समोर सायकलींचं पार्किंग. टीनाविरुद्ध एक एकोणीस वर्षांची चेक मुलगी. आवाजावरून खेळ ओळखायचा माझा प्लॅन होता, पण हे डच लोक दोघींनाही सारख्याच टाळ्या वाजवतात. क्लबच्या स्वयंसेवक आजोबांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. म्हटलं, डोळ्यांवर ऊन येतं. ढग होते.

थोड्या वेळाने
सुनेत्राला बजावलंय, स्कोअर सांगायचा नाही. सांगत नाही. चकल्या खातेय. चकल्यांचा वेग वाढलाय, टायब्रेक असावा.

नंतर
प्रचंड टाळ्या. थांबायचं नाव नाही. लोक उभे राहिलेत. जिंकली! उद्या फायनलला हीच जागा, हाच शर्ट. शर्ट धुवायचा नाही.

संध्याकाळ
हरली. तिसऱ्या सेटमध्ये ७-५. त्या टाळ्या निरोपाच्या होत्या.
मी एकदाही वळलो नाही. कारण शोधतोय. सुनेत्राने बघितलं, मृण्मयीने व्हिडिओ काढला, ऐन वेळी चकल्या संपल्या. काहीतरी असेलच.
मृण्मयी बॉलवर सही घ्यायला पळाली होती. तिथे तिने टीनाला सगळं सांगून टाकलं, तुम्ही जिंकावं म्हणून बाबा सहा वर्षं बघत नाहीत, आजही तिकडे तोंड करून बसलेत. गाडीत विचारलं, ती काय म्हणाली? मृण्मयी इंग्लिशमध्ये सुरू झाली, थांबली, मग मराठीत म्हणाली, "ती म्हणाली, बाबांना सांग, एवढ्यात माझ्या मॅचला कुणी येतच नव्हतं. त्यांनी बघितलं असतं तर मला आवडलं असतं."
सुनेत्राने शेजारच्या सीटवरून माझ्याकडे बघितलं. फार वाईट वाटलं. पुढचा सगळा रस्ता ओव्हरटेक न करता एका ट्रकच्या मागे गाडी चालवली.

२२ जून, रविवार, सकाळ
सहा वर्षांची थिअरी आजपासून बंद. टीनाच्या सगळ्या मॅच बघणार, अगदी पहिल्यापासून. यूट्यूबवर तिची सगळ्यात मोठी जिंकलेली मॅच लावली. निकाल कधीच लागलाय, हरणं शक्यच नाही. सोफ्यावर मी मधे, दोघी दोन बाजूंना. सुनेत्राने चहा केला. टीना काय खेळायची! तो बॅकहँड मी या आधी फक्त वाचला होता.
तिसरा सेट, ५-४, टीनाची सर्व्हिस, मॅच पॉइंट. कचऱ्याची पिशवी अर्धीच भरली होती, तरी खाली जाऊन टाकून आलो. रिस्क कशाला.
परत आलो. मृण्मयीने माझ्यासाठी पॉज करून ठेवलं होतं.
काचेच्या बाटल्याही टाकायच्या राहिल्याच होत्या.