सामू यास खाली उतरवण्याबाबत

प्रति,
मा. उपकरण पडताळणी अधिकारी,
शालेय मातीविना शेती उपक्रम,
पुरवठा कार्यालय, तळमजला.

विषय : 'सामू' यास टाकीवरून उतरवण्याचा आदेश थांबवून, सदोष ठरवून नेलेले चांगले मापक पेन परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, "सामूस तत्काळ खाली उतरवावे". २) आपले स्मरणपत्र, "सामू अद्याप वर का?" ३) आपले तिसरे पत्र, ज्यात सामूच्या पालकांना समक्ष बोलावले आहे.

महोदय,

१. अर्जदार हा विज्ञानाचा निवृत्त शिक्षक असून शाळेच्या गच्चीवर मुलांना पाण्यावर पालेभाजी वाढवायला शिकवतो. त्याबद्दल त्याला काही मिळत नाही. मुले 'गुर्जी' म्हणून हाक मारतात आणि प्रश्न विचारतात, त्यावर त्याचे भागते. संदर्भातील तिन्ही पत्रे वाचून अर्जदारास आधी हसू आले, मग वाईट वाटले आणि आता भीती वाटू लागली आहे. अर्ज लांबणार आहे याची त्याला जाणीव आहे. परंतु फळ्यावर पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही सवय आता या वयात सुटणे कठीण.

२. मातीविना शेतीत रोपांची मुळे थेट पाण्यात लोंबतात. माती आईसारखी असते, लेकराचे थोडेफार चुकले तर पोटात घालते. पाणी तसे नसते, ते फटकळ शेजाऱ्यासारखे लगेच बोलून दाखवते. म्हणून पाणी किती आंबट आहे हे रोज मोजावे लागते. या मापाच्या आकड्याला पाठ्यपुस्तकात 'सामू' असे नाव आहे. आकडा सात म्हणजे पाणी आंबटही नाही आणि साबणासारखे बुळबुळीतही नाही. आकडा जितका कमी, तितके पाणी आंबट. पालेभाजीला सहाच्या आसपासचे पाणी मानवते. आकडा वाढला की "सामू चढला" म्हणायचे आणि कमी झाला की "सामू उतरला". साहेब, यातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, हे शेवटचे वाक्य तेवढे राहावे.

३. आपल्या कार्यालयाने सामू मोजायला तीन पेने पाठवली. ती स्वस्तातली आहेत. अर्जदार स्वस्ताईला नावे ठेवत नाही. स्वस्त पेन रोज थोडे लक्ष मागते, इतकेच. ज्याचा सामू आधीच ठाऊक आहे अशा द्रावणात बुडवून त्याचा आकडा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याच्या टोकाला जो काचेचा बारीक फुगा असतो तो कधी वाळू द्यायचा नसतो. फुगा वाळला की पेन मरते. मेलेले पेन गप्प बसले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता. ते आकडा दाखवतच राहते, आणि कशातही बुडवा, सातच दाखवते.

४. पेनांसोबत आपली सूचना आली होती : "उपकरणे पुसून, कोरडी करून कपाटात ठेवावीत." मुख्याध्यापिकाबाई शिस्तीच्या. त्यांनी पहिले पेन सूचनेबरहुकूम पुसून कोरडे ठेवले. दुसरे मुलांच्या हातात फिरत राहिले. तिसरे 'शंकाबाई'ने सांभाळले. ही पाचवीतली मुलगी. तिचे एकही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपत नाही, म्हणून हे नाव. "काचेला तहान लागते ना, गुर्जी?" असे म्हणून तिने टोपणात ओला कापूस ठेवला. थोड्याच दिवसांत तिन्ही पेने तीन तऱ्हेचे आकडे दाखवू लागली आणि मुलांनी त्यांचे बारसे केले. पहिले ठोंब्या, दुसरे लहरी, तिसरे गुणी. अर्जदाराने उभ्या आयुष्यात शेकडो प्रगतिपुस्तके भरली, पण इतके नेमके शेरे त्याला जमले नाहीत.

५. त्यानंतर आपले तपासनीस आले. त्यांनी तिन्ही पेने टाकीत बुडवली. लहरीचा आकडा नाचत राहिला. गुणीने आदल्या दिवशी सहाच्या थोडा वर आकडा दाखवला होता, त्या दिवशी तो सातच्या जवळ गेला. ठोंब्याने सात दाखवले.

"काल याच्यात किती होते?" तपासनिसांनी विचारले.

"सात."

"परवा?"

"परवाही सातच. साहेब, लिंबाच्या पाण्यातही सातच येतात. दाखवू का?" शंकाबाई म्हणाली.

"बघा, किती भरवशाचं!" असे म्हणून त्यांनी ठोंब्यापुढे शेरा मारला : "स्थिर, विश्वासार्ह, मान्य." लहरीपुढे "अस्थिर". गुणीचे टोपण उघडताच ओला कापूस निघाला. त्याच्यापुढे "आत पाणी शिरले आहे, सदोष". दोन्ही पेने पाकिटात घालून लाखेने बंद करण्यात आली.

"पण साहेब, वर्गात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देणारा मुलगा हुशार असतो का?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, बाळ."

अर्जदार तेव्हा शेजारीच उभा होता आणि गप्प राहिला. पाहुण्यांसमोर मुलांची बाजू घेतली तर मुले शेफारतात असा त्याचा समज होता. तो समज त्याने त्या दिवसापासून सोडून दिला आहे.

६. जाता जाता तपासनिसांनी टाकीजवळच्या फळ्यावरचा मजकूर उतरवून घेतला. गुणीचा सकाळचा आकडा पाहून मुलांनी तेथे लिहिले होते : "टाकी. सामू चढला. लक्ष ठेवणे." त्यावरून आपले पहिले पत्र आले : "टाकीवर सामू चढल्याचे निदर्शनास आले आहे. बाब गंभीर आहे. सामूस तत्काळ खाली उतरवावे व तसा अहवाल सादर करावा." मुख्याध्यापिकाबाईंनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचले. "बघा गुर्जी, तुम्ही उगाच कार्यालयाला नावं ठेवता. इतक्या लांबून त्यांना आपल्या पाण्याची काळजी!" अर्जदाराचे डोळे खरोखर भरून आले. सरकारी पत्रात 'सामू' हा शब्द तो प्रथमच पाहत होता. टाकीवर चढलेला सामू हे कोणी मूल आहे अशी आपल्या कार्यालयाची समजूत झाली असेल, हे त्या क्षणी त्याच्या स्वप्नातही आले नाही. सदर टाकी अर्जदाराच्या कमरेएवढी आहे. तिच्यावर चढलेल्याला उतरायला आदेश लागत नाही, हेही येथे नम्रपणे नमूद करतो.

७. आदेश म्हणजे आदेश. सामू उतरवायचा तर पाण्यात आम्ल घालतात, थेंब मोजून. शिपाईमामांनी थोडे घातले आणि मान्य उपकरण, म्हणजे ठोंब्या, बुडवले. सात. आणखी घातले. सात. "मामा, पुरे हो," अर्जदार म्हणाला. "उतरतच नाही तर पुरे कसं, गुर्जी?" मामा म्हणाले आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. अर्जदाराने खिशातली सामूची कागदी पट्टी बुडवून पाहिली, ती लालभडक झाली. ती घेऊन तो मुख्याध्यापिकाबाईंकडे धावला. बाई म्हणाल्या, "दिसतंय मला. पण पट्टी मान्य उपकरण नाही ना!" आम्लाचा कॅन रिकामा झाला तेव्हाच मामांचा हात थांबला. पहिल्या ओळीतली मुळे चहाच्या चोथ्यासारखी झाली आणि पानांच्या कडा करपल्या. मागच्या ओळी अजून तग धरून आहेत, कारण अर्जदाराने आणि मुलांनी बादल्यांनी निम्मे पाणी बदलले. शाळेने आपल्याला प्रामाणिकपणे कळवले : "सर्व प्रयत्न करूनही सामू सातवरच आहे. उतरवण्यासाठी आणखी साहित्य मिळावे."

८. यावर आपले दुसरे पत्र आले : "सामू सातवर असल्याचे आपण कळवता. या कार्यालयातील नोंदीनुसार आपली इमारत तीन मजली आहे. वरचे मजले कोणाच्या परवानगीने बांधले, याचा खुलासा करावा." ते पत्र दोनदा वाचून झाल्यावर मुख्याध्यापिकाबाई गच्चीवर गेल्या आणि आभाळाकडे पाहून खाली आल्या. पुढे तिसरे पत्र आले. त्यात सामूच्या पालकांना बोलावले होते आणि या नावाचे मूल पटावर का नाही असेही विचारले होते. तेव्हा कुठे अर्जदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तसाच आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरच्या बाबूंना त्याने सामू म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजोबा, तुमचं सगळं खरं असेल. पण आधी पोराला खाली उतरवा, मग बसून बोलू." मात्र साहित्याची मागणी तेवढी तातडीने मंजूर झाली. जीव वाचवण्याचे काम असल्याने तिच्यावर लाल शेरा होता.

९. शिपाईमामा भल्या मनाचे आहेत. ते म्हणाले, "गुर्जी, फळ्यावर सहा लिहून मोकळे व्हा. कोण बघायला येतंय?" अर्जदाराने यावर विचार केला, हे तो लपवत नाही. पण सहा लिहिले तर आपल्या दप्तरी सामू सातव्या मजल्यावरून सहाव्यावर येईल, एवढेच. प्रकरण मिटायचे तर तो जमिनीवर यायला हवा, म्हणजे शून्य लिहायला हवे. शून्य सामूचे पाणी साहेब कल्पनेत आणतील तर बरे. त्यात भाजी तर राहणार नाहीच, बुडवलेले बोटही धड राहणार नाही. वर्गातल्या एका हजरजबाबी मुलाने सुचवले, "गुर्जी, सामू पळून गेला असं कळवू या." सगळे पोट धरून हसले. शंकाबाई हसली नाही. ती म्हणाली, "आपण फळ्यावर खरं लिहिलं म्हणूनच हे झालं ना? नसतं लिहिलं तर भाजी वाचली असती ना?"

अर्जदाराने आजवर मुलांच्या पुष्कळ प्रश्नांना "माहीत नाही, शोधू या" असे उत्तर दिले आहे आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला माहीत होते, आणि ते द्यायची त्याला लाज वाटली. "साहेबांना विचारून सांगतो," एवढेच तो बोलला. वर्गातला हा एकच प्रश्न त्याने कार्यालयाकडे पाठवला आहे.

१०. तरी आपण कृपया एक छोटा प्रयोग करावा. तो पाचवीच्या मुलांना जमतो, तेव्हा कोणत्याही अधिकाऱ्यास जमेल. शाळेत शिल्लक असलेला ठोंब्या अर्जासोबत पाठवला आहे. एका पेल्यात लिंबू पिळावे, दुसऱ्यात साबण कालवावा आणि दोन्हींत ठोंब्या बुडवावा. दोन्हीकडे सात येतील. मग लाखबंद पाकीट फोडून गुणीला थोडा वेळ साध्या पाण्यात ठेवावे, कारण इतक्या दिवसांत त्याचा घसा कोरडा पडला असणार, आणि त्यानेही मोजून पाहावे. लिंबू आणि साबण यांतला फरक ज्याला कळतो ते उपकरण मान्य करावे आणि ज्याला कळत नाही ते सदोष ठरवावे, एवढीच विनंती आहे. 'कोरडी करून' हे दोन शब्दही सूचनेतून काढावेत, म्हणजे इतर शाळांतली पेने तरी वाचतील.

११. हे सर्व सवडीने करण्यासारखे होते, पण आता तशी सवड राहिलेली नाही. नवा कॅन आज शाळेत पोचला आहे. मुख्याध्यापिकाबाईंना करपलेली पाने दिसतात, पण आदेश मागे घेतल्याचे पत्र नाही आणि त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले आहेत. मामा कॅन घेऊन गच्चीवर गेले तेव्हा शंकाबाई टाकीच्या झाकणावर चढून बसली. "मी उठले की ओतणार ना?" असे तिने विचारले. मामा खोटे बोलत नाहीत, ते "हो" म्हणाले. ती अजून उठलेली नाही. अर्जदाराने समजावले, बाईंनी दटावले. शेवटी तिच्या वडिलांना बोलावले. ते बस चालवतात. कामावरून तसेच आले, तिला उचलायला वाकले आणि वाकल्यावर त्यांना पानांच्या कडा दिसल्या. ते खाली गेले आणि तिच्यासाठी बसची जुनी गादी घेऊन आले.

तेव्हा महोदय, आपले पहिले पत्र आता खरे ठरले आहे. टाकीवर मूल चढले आहे आणि बाब गंभीर आहे. हिला उतरवायला शिडी लागणार नाही आणि आम्लही लागणार नाही. 'ओतू नये' अशी एक ओळ आणि ते ओल्या टोपणाचे पेन एवढे पाठवले की ती आपण होऊन उतरेल. पालकांना बोलावण्याची गरज नाही, ते तिच्या शेजारीच बसले आहेत. आणि या मुलीचे नाव पटावर आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
गुर्जी, गच्चीवरचा वर्ग

दिनांक : आजचाच, अर्ज पोचेल त्या दिवशीही ती तिथेच असेल.