गाण्यातला ‘बा’

३ जानेवारी

चहा ठेवला आणि पप्पांनी गाणं लावलं. त्यांच्या मोबाईलमध्ये एकच गाणं आहे. नितीनचं, माझ्या भावाचं. गिटार आणि त्याचा आवाज, बाकी काही नाही.

वाळूत झिरा खांदला
गढूळ पाणी येऊ दिलं
निवळंपर्यंत बसून राहिलो
बा…

‘बा’ लांबवतो. मग एकच तार, थांबून थांबून. त्या मोकळ्या जागेत पप्पा ‘ओ’ देतात. दर वेळी. हाक ऐकू आल्यासारखी, साधी.

चहा गाळला आणि मी मागच्या अंगणात गेले. दुसऱ्या कडव्यानंतर ट्रकचा हॉर्न आहे. त्याच्या मित्राच्या, शिवलिंगच्या पंक्चरच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड केलं, हायवेला लागून. नितीन गेला तोही ट्रकखाली, बायपासला. पप्पांना तो हॉर्न ऐकू येत नाही. मला तेवढाच येतो.

६ जानेवारी

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात. गावाहून, तेरहून, काका येतील. पप्पांनी एकच गोष्ट ठरवली आहे: शिवलिंगनं सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं.

‘श्राद्धाला गाणं?’
‘भजन म्हणत्यात न्हवं? मग.’
‘भजन वेगळं, पप्पा.’
‘लोकास्नी कळू दे, माय. पोरगं बापावर रुसून गेलं न्हाय.’

रुसून नाही तर काय. तलाठ्याच्या परीक्षेला बसणार नाही म्हणाला तेव्हा पप्पा म्हणाले होते, हलगी शिकला असतास तर चार लग्नं तरी मिळाली असती, हे तुणतुणं घिऊन भाईर हो. तो बाहेर झाला. शिवलिंगच्या दुकानामागं राहिला. दोघंही उमरग्यातच, वर्षभर बोलणं नाही. एकदा बाजारात समोरासमोर आले तेव्हा दोघंही कांदे बघत राहिले. हे शिवलिंगनं सांगितलं. मी तेव्हा पुण्यात.

९ जानेवारी

पप्पा आज पुन्हा तेच सांगत होते.

तेरला सगळे बापाला बा म्हणत. आम्हीही. पप्पा पाटबंधारे खात्यात लागले, उमरग्याला बदली, नितीनचं नाव पहिलीत घातलं त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्याला सांगितलं, आता पप्पा म्हणायचं. मला वेगळं सांगावं लागलं नाही. मी चौथीत होते, कळत होतं. नितीन काही दिवस चुकायचा. मग चुकेनासा झाला.

‘शेवटी बा म्हणला. बघ. पप्पा न्हाय म्हणला.’

झिराही त्यांचाच. उन्हाळ्यात तेरणा आटली की वाळूत हातानं खड्डा करायचा, पाणी पाझरतं. आधी गढूळ येतं. हालवू नको, निवळू दे, हे वाक्य पप्पांचं. मला ते तिघांचं आठवतं. पप्पा, नितीन, मी. ओले गुडघे. गाण्यात मी नाही. असो.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारी गंगव्वाकडे तिळगूळ द्यायला गेले. ती दावं सुटलेल्या रेडकाला बोलावत होती, हातात पेंड. बा, बा, बा.

ताटली हातात घेऊन उभी राहिले.

हा शब्द मला लहानपणापासून येतो. या गल्लीत निम्मी घरं कानडी बोलतात. बा म्हणजे ये. दुकानदार म्हणतो, आया म्हणतात, बस थांबली की कंडक्टर म्हणतो. पण गाणं मराठी, झिरा तेरचा, गाणारा माझा भाऊ. त्यामुळे मी तो शब्द पप्पांच्या कानानं ऐकत आले.

रेडकू आलं.

१५ जानेवारी

कॉलेजात अकरावीला संबोधन घेतलं. पुढच्या पानावर आज्ञार्थ होता, तोही घेतला. दोन्ही एकाच तासात घ्यायला नको होतं.

१८ जानेवारी

शिवलिंगकडे. ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे बघत होता.

‘शिवलिंग, गाण्यातला बा म्हणजे कोण?’
‘मराठीच्या मॅडम तुम्ही, अक्का.’
‘म्हणून विचारते.’
‘कोण न्हाय. ये.’
‘मग ये का नाही म्हणाला?’
‘म्हणून बघितला की. दोन दिस तेच. बसंना. म्हणला, ‘ये’ला तोंड मिटत येतंय. ‘बा’ला उघडं ऱ्हातं, सोडून देता येतं.’

ट्यूब फिरवली. बुडबुडे आले. ओल्या रबरावर नखानं खूण केली.

‘कुणाला ये?’
‘म्या बी इचारलं. म्हणला, ज्याला ऐकू जाईल त्याला.’

निघताना म्हणाला, ‘मामाला, तुमच्या पप्पास्नी, सांगू नका. गल्लीत समद्यांना ठाव हाय, कोन बोलंना.’

म्हणजे सकाळी आमच्या खिडकीतून गाणं बाहेर जातं आणि सगळी गल्ली ऐकते: एक मेलेला मुलगा ये म्हणतो आणि बाप ओ देतो.

२१ जानेवारी

नाही सांगायचं. कारण लिहून ठेवते, पुढं डगमगायला नको.

नितीन गेल्यावर पहिले काही महिने पप्पा रोज संध्याकाळी बायपासला जाऊन उभे राहायचे. कडेला नाही, पांढऱ्या पट्ट्यावर. मी हात धरून मागं ओढायची. तेव्हाच पुण्याची नोकरी सोडली, इथं तासिका तत्त्वावर लागले. मग शिवलिंगनं गाणं पाठवलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली. बायपास बंद झाला.

त्या एका अक्षरावर जेवतात. ते काढून घेतलं तर उरतं काय? नुसतं ‘ये’. नितीनच्या आवाजात.

३० जानेवारी

पप्पांनी नितीनचा फोटो पेंटरकडे पाठवला. खाली ‘बा…’ लिहून हवं. पेंटर नंबरप्लेटवाला, आळंदकडचा, घरी कानडी बोलणारा.

‘खाली एवढंच?’
‘एवढंच.’
‘मयताच्या फोटोखाली असं कोण लिवतं, अक्का? नाव लिवा, तारीख लिवा.’
‘मराठीत लिहायचंय.’
‘मराठीत बी तसंच दिसतंय.’

ब्रश हातात धरून थांबला होता. मी म्हटलं, लिहा.

वाळेपर्यंत बाकड्यावर बसले. चांगलं अक्षर आहे त्याचं.

४ फेब्रुवारी

शिवलिंग दुपारी येऊन गेला. पप्पांसमोर काही नाही, मला फाटकात गाठून.

‘म्या आजारी पडू का?’
‘दुसऱ्याला बोलावतील.’
‘दुसऱ्याला कुठं येतंय ते.’
‘मग मोबाईल लावतील. हॉर्नसकट.’

जरा वेळ पाय घासत राहिला. म्हणाला, हॉर्नवाल्या टेकनंतर नित्या म्हणला हुता, राहू दे, रस्त्यावरचं गाणं हाय. पुसायचं न्हाय म्हणला.

हे मला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी

झालं. नीट लिहिता येत नाही, क्रमानं लिहिते.

पिंड झाले, गुरुजी गेले. फोटो पाटावर. काका म्हणाले, ‘खाली बा लिवलंय व्हय. कोणाचं डोस्कं?’ पप्पा म्हणाले, ‘त्याचंच.’ काकांनी मान हलवली. तेरला पोरानं बापाचं नाव काढलं म्हणून सांगतो म्हणाले.

शिवलिंगनं गिटार काढलं. नितीनचंच. हाताला काळं तेल, ते धोतराच्या सोग्याला पुसावं तसं शर्टाला पुसत राहिला. मग म्हटलं. त्याचा आवाज जाड, पण जागा नितीनच्याच. निवळंपर्यंत बसून राहिलो. बा.

‘ओ,’ पप्पा म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांत. काकांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

दाराशी गंगव्वा बसली होती. पदर तोंडावर. मुद्दाम नाही बोलली, हुंदक्यात आलं. ‘बा अंतान, माय. ये म्हनतंय गं लेकरू, ये म्हनतंय.’

शिवलिंगचा हात तारेवर थांबला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. मग त्यानं दुसरं कडवं सुरू केलं, करायलाच हवं होतं. पुन्हा ती जागा आली.

बा…

पप्पा गप्प. तार थांबून थांबून वाजली आणि संपली. इतकी लांब होती ती जागा, कधी कळलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

काका सकाळच्या बसनं गेले. मी भांडी घासत होते तेव्हा पप्पा मागं येऊन उभे राहिले.

‘तुला ठाव हुतं?’
‘हो.’
‘कवापासनं?’
‘संक्रांतीपासून.’
‘शिवलिंगला?’
‘त्याच्यासमोरच केलं गाणं.’
‘आन् गल्लीला?’

मी कढई घासत राहिले.

‘म्हणजे म्या येकलाच.’ थोडं हसले. ‘हापिसात कानडी मानूस आला की म्हणायचो, बाबा, मराठीत बोल, तवा अर्ज घीन.’

जेवले नाहीत.

११ फेब्रुवारी

गाणं नाही. सकाळी घरात काही वाजत नाही. चहा फक्त. हॉर्न नाही. इतके महिने हेच हवं होतं मला. खिडकीतून गल्लीही कान लावून आहे असं वाटतं.

१२ फेब्रुवारी

नाही. अर्धी भाकरी.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी पप्पांनी चपला घातल्या. कुठं म्हणून मी विचारलं नाही, मागोमाग निघाले, अंतर ठेवून. ते कोपऱ्यापर्यंत गेले, जिथून बायपासचा रस्ता फुटतो. थांबले. परत फिरले आणि गंगव्वाच्या ओट्यावर बसले. मी भिंतीआड. ती शेंगा निवडत होती.

‘गंगव्वा, तुमच्यात मोठ्या मानसाला ये कसं म्हणत्यात?’
‘बर्री. पावण्याला बर्री, सायबाला बर्री.’
‘बापाला?’
‘बापाला कसलं बर्री, वो? बाप घरचा. अप्पा, बा. बस.’
‘कवाच म्हणत न्हायत?’
‘म्हणत्यात की. भांडान असलं की म्हणत्यात. चार मानसांत, तोंड फिरवून. या म्हणं, बर्री.’

शेंगा फोडायचा आवाज.

‘मग बर्री न्हाय म्हणला,’ पप्पा म्हणाले.
‘न्हाय बा,’ गंगव्वा म्हणाली.

हा तिसरा बा. मराठीच. याला काहीच अर्थ नसतो. वर्गात मी ते असंच सांगते.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. मला बरं वाटायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी

वर्गावरून आले तर पप्पा कॉटखालची जुनी पत्र्याची पेटी उघडून बसलेले. तेरचं काहीबाही. आईची जोडवी, माझी पाटी. पितळी तांब्या काढून चिंचेनं घासत होते. नदीवर नेत असू तोच. झिऱ्यातलं पाणी वरच्यावर, न ढवळता, याच्यानं काढायचं.

‘आई असती तर ओरडली असती, चिंच वाया घालवता म्हणून,’ मी म्हटलं.
‘ती बी तिकडंच हाय,’ म्हणाले. घासत राहिले.

शिवलिंगला फोन केला. पप्पा तांब्या घासतायत, एवढं सांगितलं. मागं ट्रक जात होते.

२२ फेब्रुवारी

आज पुन्हा लावलं. मी अंगणात गेले नाही, ओट्याला टेकून उभी राहिले. चहा उकळत होता.

निवळंपर्यंत बसून राहिलो. बा…

तार.

‘आलो,’ पप्पा म्हणाले.

ओ नाही. आलो. फाटकाशी कुणीतरी उभं आहे आणि आपण आत शर्ट घालतोय, त्या आवाजात. मग दुसरं कडवं, मग पुन्हा बा, पुन्हा आलो. मग हॉर्न. पप्पांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. रस्त्याच्या दिशेला बघत राहिले, गाणं वाजून संपलं तरी.

‘ट्रक हाय व्हय ह्यात?’
‘हो.’
‘पयल्यापासनं?’
‘हो.’

चहा दिला. घेतला. बशीत ओतून, फुंकून, नेहमीसारखा.

‘तेरणा आटली असंल का गं आता?’
‘फेब्रुवारीत कुठं आटते.’
‘बघून येतो. उद्याच्या गाडीनं.’
‘मीही येते.’
‘तू नको.’
‘झिरा मलाही येतो करायला, पप्पा.’
‘येतो की. पर तुला न्हाय म्हणला त्यो.’

तांब्या पिशवीत भरून दाराला लावून ठेवलाय. त्यांच्या चपला मी आत आणल्यात, माझ्या पायाशी आहेत. पलीकडं त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलंय.